डोळ्याचं दुखणं कानाच्या डॉक्टरलाही सांगा

द्राक्षाच्या पट्ट्यात डोळे लाल झाले म्हणून कुणी दवाखाना गाठत नाही. ऑक्टोबर छाटणी उरकली की दावण्या आणि भुरी या रोगांच्या धास्तीनं फवारण्या सुरू होतात, आणि ब्लोअरवर बसणाऱ्याचे डोळे चुरचुरतातच. तासगाव तालुक्यातल्या माझ्या भाच्याचे डोळे दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात लाल झाले, तेव्हा आम्ही सगळे, माझ्यासकट, हेच धरून चाललो. तो तेव्हा एकतीस वर्षांचा होता. गावातल्या मेडिकलमधून थेंब आणले, चार दिवसांत लाली उतरली. "मावशी, उन्हात गेलं की डोळ्यात सुई टोचल्यागत होतंय," असं तो एकदा म्हणाला होता. मी त्याला गॉगल घ्यायला सांगितलं.

तीन आठवड्यांनी एका सकाळी तो उठून बसला आणि घर गरगर फिरायला लागलं. खाटेची कड धरून बसला, उलट्या सुरू झाल्या. पित्त समजून सलाईन लागलं. चक्कर दोन दिवसांनी कमी झाली, पण कानात रातकिडे ओरडायचे ते थांबेनात. मग एकदा तो म्हणाला, "डाव्या कानाला फोन लावला की माणूस बोलतोय एवढं कळतंय, पण काय बोलतोय ते कळंना झालंय."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. आज मला ते त्याच्या सगळ्या तपासण्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

सांगलीत कानाच्या डॉक्टरांनी ऐकण्याची चाचणी केली, आतल्या कानाचा दोष निघाला, गोळ्या सुरू झाल्या. डोळ्यांचं आम्ही तिथे बोललोच नाही. ते बरे झाले होते ना! पंधरवड्यानं डोळे पुन्हा पेटले म्हणून मिरजेला नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी डोळा मोठा करून दाखवणाऱ्या स्लिट लॅम्प या यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "कानाला काही त्रास?" भाचा माझ्याकडे बघायला लागला. डोळ्याच्या डॉक्टरला कानाचं कसं कळलं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा नाव ऐकलं: कोगन सिंड्रोम. मी डॉक्टर नाही. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत निवृत्त झाले. पण गेली दोन वर्षं या आजाराच्या मागे आहे, डॉक्टरांना प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडलं आहे, आणि जे समजलं ते वर्गात सांगितलं असतं तसं इथे सांगते आहे.

डेव्हिड कोगन हे अमेरिकेतल्या बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ. 1945 साली त्यांनी एका विचित्र जोडीचं वर्णन केलं: डोळ्याच्या पारदर्शक काचेला, म्हणजे कॉर्नियाला आलेली सूज, आणि तिच्याबरोबर चक्कर, कानात आवाज, बहिरेपण. अशा रुग्णाची नोंद त्याआधी 1934 सालीही झाली होती, पण हा स्वतंत्र आजार आहे हे कोगन यांनी मांडलं, म्हणून नाव त्यांचं पडलं. आजार इतका विरळा की जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत मिळून काही शे रुग्णांचीच वर्णनं आहेत. बहुतेक जण विशी-तिशीतले. पुरुष आणि बायका जवळपास सारख्याच. घराण्यातून येणारा आजार हा नाही, आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. भाच्याच्या पोराला वेगळं निजवायची भाषा आमच्या घरात दोन दिवस चालली होती, म्हणून हे आवर्जून लिहिते.

हा ऑटोइम्यून प्रकारातला आजार आहे. आपली प्रतिकारशक्ती ही गावच्या राखणदारासारखी. कोण आपला, कोण परका, हे तिला ओळखता यावं लागतं. ती ओळख चुकली की राखणदार घरच्याच माणसांवर काठी उगारतो. संधिवातात हा मार सांध्यांवर पडतो. कोगनमध्ये तो डोळ्यांवर आणि आतल्या कानावर पडतो. ओळख का चुकते? बऱ्याच रुग्णांना आजाराच्या आधी काही दिवस सर्दी-खोकला-ताप येऊन गेलेला असतो. 2002 साली इटलीतल्या संशोधकांनी काही रुग्णांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं, म्हणजे प्रतिकारशक्तीची हत्यारं, दाखवली, जी आतल्या कानातल्या आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या प्रथिनांना चिकटत होती, आणि त्या प्रथिनांच्या रचनेचं एका विषाणूच्या प्रथिनाशी साम्य होतं. म्हणजे चोराचा आणि घरच्याचा सदरा एकाच कापडाचा निघाला, आणि राखणदार फसला. शास्त्रज्ञ याला अजून एक शक्यताच मानतात. भाच्याला मात्र ही गोष्ट सांगितल्यावर बरं वाटलं, कारण तोवर तो फवारणीच्या औषधाला आणि स्वतःच्या निष्काळजीपणाला दोष देत बसला होता.

आता डोळ्यात काय होतं ते बघू. बुबुळापुढची कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते आणि निरोगी असताना तिच्यात एकही रक्तवाहिनी नसते. म्हणून तर ती आरपार दिसते. पुढून अश्रू आणि मागून डोळ्यातलं पाणी तिचं पोषण करतात. कोगनमध्ये तिच्या मधल्या थराला सूज येते, कडेला बारीक पांढुरके ठिपके उमटतात, आणि उपचार लांबले तर जिथे एकही रक्तवाहिनी नको तिथे बाहेरून रक्तवाहिन्या शिरायला लागतात. रुग्णाला जाणवतं ते एवढंच: लाली, दुखणं, पाणी येणं, धूसर दिसणं, आणि उजेडाचा त्रास. नेहमीच्या 'डोळे आले' प्रकारात चिपडं येतात, खाज येते, पण उजेडाला माणूस इतका भीत नाही. भाचा दिवसा खोलीचं दार लावून बसायचा. तिथेच आम्ही थांबून विचार करायला हवा होता.

आणखी एक चूक आमची. मेडिकलमधून आणलेल्या त्या थेंबांत स्टिरॉइड होतं. त्यानं लाली गेली, आणि लालीबरोबर पुरावाही गेला. स्टिरॉइडचे थेंब या आजारात डोळ्यासाठी खरंच उपयोगी आहेत, पण डॉक्टरांनी तपासून, मोजून दिलेले. तपासणीआधीच घातले तर दुखणं झाकलं जातं, आणि डोळ्यात जंतूंचा किंवा नागिणीच्या कुळातल्या विषाणूचा संसर्ग असेल तर डोळा बिघडूही शकतो.

कानाचं प्रकरण जास्त नाजूक आहे. कानशिलाच्या आत, शरीरातल्या अत्यंत कठीण हाडांपैकी एकात, दोन यंत्रं शेजारी शेजारी बसवलेली आहेत. एक ऐकण्याचं, गोगलगायीच्या शंखासारखं अडीच वेटोळ्यांचं, त्याला कॉक्लिया म्हणतात. दुसरं तोल सांभाळण्याचं, तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांचं. दोन्हींत एकच पाणी खेळतं. म्हणून एकाला सूज आली की बहुधा दुसऱ्यालाही येते, आणि बहिरेपण व चक्कर हातात हात घालून येतात.

मिरजेत सतारमेकर गल्लीत कधी गेलात तर सतारीच्या दांडीवरचे पडदे बघा. प्रत्येक पडद्यावर तार दाबली की ठरलेला सूर निघतो. कॉक्लियातही तसंच आहे. शंखाच्या तोंडाशी पातळ, उंच स्वर ऐकू येण्याची जागा, आणि जसजसं आत वेटोळ्यांच्या टोकाकडे जावं तसतशी खर्जाची. त्या प्रत्येक जागेवर बारीक केस असलेल्या पेशी असतात. एका कानात साधारण 15,000. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सतारीचा पडदा निसटला तर कारागीर तो पुन्हा बांधतो. इथे ती सोय नाही. त्यात आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी एकच आणि बारीक, तिला पर्यायी वाट नाही. डोळ्याची सूज औषधानं उतरली की दृष्टी बहुतेकदा परत येते, आणि कायमची नजर जाणं या आजारात क्वचित घडतं. कानाचं तसं नाही. बऱ्याच रुग्णांची श्रवणशक्ती कायमची जाते, आणि ती काही महिन्यांत जाऊ शकते, कधी त्याहूनही लवकर.

भाच्याच्या त्या फोनच्या वाक्यावर मी अडून बसते ते यासाठी. आवाज ऐकू येणं आणि शब्द कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आतला कान बिघडला की आवाज पोचतो पण शब्दांच्या कडा झिजलेल्या असतात. 'तीन' आणि 'पीन' सारखेच वाटतात. माणूस मग "मोठ्यानं बोला" म्हणत नाही, "नीट बोला" म्हणतो. घरात कुणी अचानक असं म्हणायला लागलं तर त्याच आठवड्यात ऐकण्याची चाचणी करून घ्या. काचेच्या बंद खोलीत अर्ध्या तासाचं काम असतं, दुखत-खुपत काही नाही.

डोळा आणि कान यांची दुखणी एकाच वेळी सुरू होतील असं नाही. आधी डोळा आणि मग कान, किंवा उलट. मधे काही आठवडे, काही महिने जाऊ शकतात. डॉक्टर मंडळी दोन वर्षांपर्यंतचं अंतर धरतात. तेवढ्या काळात आपण वेगवेगळ्या गावच्या वेगवेगळ्या डॉक्टरांकडे वेगवेगळ्या फायली घेऊन फिरलेलो असतो. एक डोळ्यांची फाइल, एक कानाची, चकरेची चिठ्ठी तिसरीकडेच. प्रत्येक डॉक्टर समोरच्या कागदावरून बरोबरच बोलत असतो. सगळे कागद एका पिशवीत घालून प्रत्येकासमोर ठेवायचं काम घरच्या माणसाचं आहे, आणि ते आम्ही केलं नव्हतं.

निदान पक्कं करणारी एकच अशी रक्तचाचणी नाही. आतल्या कानाचा तुकडा काढून तपासताही येत नाही, कारण तसं करायला गेलं तर ऐकणंच जाईल. म्हणून बाकीच्या शक्यता एकेक करून बाजूला सारतात. भाच्याचं रक्त सूज किती आहे ते बघायला गेलं, छातीचा फोटो झाला, टीबीची तपासणी झाली, आतल्या कानाचा एमआरआय झाला. आणि यादीत व्हीडीआरएल होती. ती सिफिलिसची, म्हणजे ज्याला आपल्याकडे गरमी म्हणतात त्याची तपासणी.

लॅबच्या काउंटरवर ते नाव कुणीतरी समजावून सांगितलं आणि भाच्याची मान खाली गेली. सूनबाई शेजारीच उभी होती. परतीच्या एसटीत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. घरी आल्यावर मी दोघांना समोर बसवलं. सिफिलिस या आजारातही कॉर्नियाला अशीच सूज येते आणि कान जातात. गरोदर आईकडून तो जन्मतःच मिळालेल्या मुलांत खाचा पडलेले दात, कॉर्नियाची सूज आणि बहिरेपण ही तिकडी एकोणिसाव्या शतकात लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी ओळखली, आणि आजही ती त्यांच्याच नावानं शिकवतात. म्हणून 1945 मध्ये कोगन यांना सगळ्यांत आधी हेच सांगावं लागलं की माझ्या रुग्णांना सिफिलिस नाही. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच ते होतं. आजही जगातल्या कुठल्याही गावी हे निदान करायचं तर ही तपासणी करावीच लागते. तिच्यात संशय नाही, रीत आहे. आणि तो आजार निघालाच, तर पेनिसिलिननं बरा होणारा आहे, लपवण्यासारखा नाही. सूनबाई म्हणाली, "हे डॉक्टरांनी तिथंच सांगितलं असतं तर?" तिचं बरोबर होतं. दोन मिनिटांचं काम होतं ते. ज्यांच्या हातून अशा चिठ्ठ्या लिहिल्या जातात त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तेवढी दोन मिनिटं द्या.

कोगन यांच्याकडे 1945 साली या रुग्णांसाठी फारसं काही नव्हतं. कॉर्टिसोन संधिवाताच्या रुग्णावर पहिल्यांदा वापरलं गेलं 1948 मध्ये, आणि 1950 साली त्या कामाला नोबेल मिळालं. आज उपचाराची सुरुवात त्याच कुळातल्या प्रेडनिसोलोननं होते. कानाला धोका असेल तर डोस मोठा असतो, वजनाच्या किलोमागे रोज साधारण 1 मिलिग्रॅम. कान बिघडल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं तर कान वाचण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. भाच्याचा उजवा कान नुकताच बिघडायला लागला होता. औषध सुरू झाल्यावर दोन आठवड्यांच्या चाचणीत तो जवळजवळ पहिल्यासारखा आला. डावा आला नाही. त्याला दीड महिना उशीर झाला होता.

स्टिरॉइडचं नाव काढलं की आपल्याकडे शेजारीपाजारी सल्ले द्यायला धावतात. चेहरा सुजतो, भूक वाढते, साखर आणि रक्तदाब वाढू शकतो, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात: हे सगळं खरं आहे. भाचा दोन महिन्यांत आठ किलोनं वाढला आणि रात्री दोन वाजता उठून भाकरी शोधायचा. पण ही औषधं मनानं एकदम बंद करणं हा त्याहून मोठा धोका आहे. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी आपलं स्वतःचं स्टिरॉइड तयार करणं थांबवतात. अचानक तोडलं तर माणूस कोसळू शकतो. डॉक्टर पायरी पायरीनं उतरवतात, त्या पायऱ्या त्यांनाच ठरवू द्या.

स्टिरॉइड लवकर कमी करता यावं म्हणून जोडीला मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट अशी औषधं देतात. तेवढ्यानं भागलं नाही तर इन्फ्लिक्सिमॅबसारखी महागडी इंजेक्शनं आहेत. ती सुरू करण्याआधी टीबी दडून बसलेला नाही ना हे बघतात, कारण प्रतिकारशक्ती दाबली की तो डोकं वर काढतो. मेथोट्रेक्सेटबद्दल एक गोष्ट ठळक सांगते: या आजारात ती गोळी आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे रविवार ठरला आहे; कॅलेंडरवर त्या चौकटीत सूनबाई लाल पेनानं 'गोळी' लिहिते. दारू अजिबात नाही, आणि ठरलेल्या मुदतीनं रक्त तपासून यकृत आणि पेशी ठीक आहेत का ते बघायचं. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर तसं डॉक्टरांना आधीच सांगायचं.

हृदयाचं थोडक्यात. कोगन हा मुळात रक्तवाहिन्यांनाही सुजवू शकणारा आजार आहे. दहातल्या साधारण एका रुग्णात हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला सूज येते, झडप गळू शकते. म्हणून ताप, वजन उतरणं, सांधेदुखी, चालताना दम लागणं असलं काही असेल तर ते डोळ्याच्या किंवा कानाच्या डॉक्टरलाही सांगायचं. भाच्याचा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नॉर्मल आला. या आजाराचं एकूण सुकाणू संधिवाततज्ज्ञ धरतात, हे आम्हाला आधी चमत्कारिक वाटलं होतं. सांधा एकही दुखत नव्हता! पण ऑटोइम्यून आजार हे त्यांचंच क्षेत्र.

डोळा आणि कान एकदम धरणारे आणखीही आजार आहेत. व्होग्ट-कोयानागी-हराडा नावाच्या आजारात डोळ्याच्या आतल्या थरांना सूज येते, डोकं दुखतं, कानात आवाज येतात, आणि पुढे पापण्या किंवा केस पांढरे होतात, अंगावर कोडासारखे डाग येतात. सुसाक आजारात दृष्टिपटल, कान आणि मेंदू यांच्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, माणूस गोंधळल्यासारखा वागतो. दोन्हींतही लवकर उपचार मोलाचे.

डाव्या कानाचं आता काय? तिथे यंत्र लावून आवाज मोठा होतो, पण शब्द झिजलेलेच राहतात. कॉक्लियर इम्प्लांट हा मार्ग या आजारात चांगला लागू पडतो, कारण केसपेशी गेल्या तरी कानाची नस सहसा शाबूत असते. इम्प्लांट मेलेल्या पेशींना ओलांडून थेट नसेला इशारे देतं. अडचण अशी की सूज बरेच दिवस राहिली तर शंखाच्या पोकळीत हाड धरायला लागतं आणि तार आत घालणं अवघड होतं. त्यामुळे दोन्ही कान गेलेल्या माणसानं "बघू पुढच्या हंगामानंतर" म्हणत बसू नये. भाच्याचा उजवा कान चालतोय, म्हणून डॉक्टर थांबले आहेत आणि दर तीन महिन्यांनी चाचणी घेतात. ज्यांचे दोन्ही कान चाचणीत 60 डेसिबलच्या पुढे गेले आहेत (आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी), त्यांना 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार श्रवणदोषाचं प्रमाणपत्र मिळू शकतं. लाज न बाळगता ते काढून घ्यावं.

तोलाची कहाणी कुणी विचारत नाही, आणि रोजच्या जगण्यात तीच जास्त नडते. तोल सांभाळायला शरीर तीन गोष्टी वापरतं: आतला कान, डोळे आणि पायाखालची जमीन. कान गेला की डोळे भरून काढतात. पण शेतीची लाइट रात्रीची असते. अंधारात, ओल्या बांधावरून मोटार चालू करायला जाताना डोळे आणि जमीन दोन्ही फितूर होतात. पहिल्या हिवाळ्यात तो दोनदा चारीत पडला. आता डोक्याला बॅटरी लावतो, हातात काठी असते, आणि रात्री एकटा जात नाही. तोलाचे व्यायाम असतात: नजर एका खुणेवर खिळवून मान हलवायची, एका रेषेत पावलं टाकत चालायचं. फिजिओथेरपिस्टनं शिकवल्यावर पहिले पंधरा दिवस त्यानं चक्कर वाढते म्हणून कुरकुर केली, मग महिन्याभरात स्वतःहून सांगितलं की गाडीवरून जाताना पाट्या आता नाचत नाहीत.

आम्हीही काही सवयी बदलल्या. त्याला पाठीमागून हाक मारत नाही. जेवताना टीव्ही बंद असतो, कारण एका कानाच्या माणसाला गोंगाटातून शब्द वेचता येत नाहीत. त्याच्या उजव्या बाजूची जागा पोरानं स्वतःहून पटकावली आहे. मागच्या महिन्यात उजव्या कानाचा आलेख 25 डेसिबलवर स्थिर होता, प्रेडनिसोलोन 5 मिलिग्रॅमवर उतरलं होतं. डोळा जरासा लाल झाला की त्यानं कुणाला काही विचारायच्या आधी कानाच्या चाचणीची वेळ घ्यायची, असं आमचं ठरलं आहे. या छाटणीनंतर एकदा तशी वेळ आली. मिरजेला जाऊन आलो. त्या वेळी खरोखरच फवारणीचं औषध डोळ्यात गेलं होतं.